कातडीवरची पाखरे

मनुष्याने आपल्या देहाला नावे दिली ती आजूबाजूला पाहून. ज्याच्या अंगणात, शेतात, रानात जे होते, त्यावरून त्याने आपल्या अंगावरच्या खुणा ओळखल्या. आपल्या मराठीत नायट्याला गजकर्ण म्हणतात, पाय सुजून जाड झाला तर हत्तीरोग म्हणतात, कातडीत खिळा ठोकल्यासारखा उंचवटा दिसला तर ती चामखीळ होते. थंडीने किंवा भीतीने अंगावर जे उठते त्याला आपण काटा म्हणतो, म्हणजे तेथे आपल्याला बाभूळ आठवते. जगातील इतर कितीतरी भाषांना मात्र अशा वेळी पाखरे आठवतात. हंस, कोंबडी, कावळा ही पाखरे त्यांच्या कातडीवर येऊन बसली आहेत. त्या पाखरांविषयी या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत, असे आम्ही ठरविले.

आम्ही म्हणजे या शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात इयत्ता पाचवीपासून दहावीपर्यंत एकत्र राहिलेल्या काहीजणी. आज आमच्यातील एक परिचारिका आहे, एक महाविद्यालयात पाली शिकविते, एक जर्मन भाषेतून अनुवाद करते, बाकीच्या संसार आणि नोकरी सांभाळतात. स्मरणिकेसाठी लेख मागविणारे पत्र आले तेव्हा सहलीच्या, स्नेहसंमेलनाच्या, निकालाच्या आठवणी इतर कोणी लिहितीलच, असे आम्हांस वाटले. एका खोलीत दहा जणींनी काढलेल्या वर्षांत आम्ही एकमेकींची कातडी जितकी जवळून पाहिली, तितकी आमच्या आयांनीही पाहिली नसेल. खरूज एकीला झाली की सगळ्यांना औषध लागे, सगळ्यांच्या चादरी एकाच दिवशी उकळत्या पाण्यात पडत. म्हणून हा विषय आम्हांस परका नाही.

प्रथम अंगावरच्या काट्याकडे पाहू. इंग्रजीत त्याला हंसाच्या जातीच्या बदकाचे, म्हणजे गूज पक्ष्याचे उंचवटे म्हणतात. जर्मनीत त्याच पक्ष्याची कातडी म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश माणसाच्या अंगावर कोंबडी उभी राहते. चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी भाषांतही कोंबडीच आहे. जपानी भाषेत ‘तोरिहादा’ म्हणजे सरळ पक्ष्याची कातडी. ही सारी माणसे पक्षी सोलणारी होती. पिसे उपटल्यावर प्रत्येक पिसाच्या मुळाशी एक लहानसा उंचवटा राहतो, तो त्यांनी स्वयंपाकघरात रोज पाहिला आणि थंडीने शहारलेल्या आपल्या दंडावर ओळखला.

उपमा नुसती दिसण्यापुरती नाही. आपल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म स्नायू असतो. थंडी वाजली, भय वाटले, किंवा एखादे गाणे काळजाला भिडले की आपल्या इच्छेला न विचारता तो आकसतो, केस उभा राहतो आणि त्याच्या बुडाशी कातडी वर येते. अंगभर केस असलेल्या प्राण्याला याचा उपयोग आहे. केसांत हवा अडकून ऊब राहते आणि शत्रूसमोर तो मोठा दिसतो. पाखरेही थंडीत पिसे फुलवून गोळा होऊन बसतात. माणसाच्या अंगावरचे केस विरळ झाले, पण स्नायू तेथेच राहिला. २०२० साली अमेरिका आणि तैवान येथील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, या स्नायूशी निगडित असलेली मज्जातंतूची शाखा केस नव्याने उगविणाऱ्या मूळ पेशींपर्यंतही पोहोचते, आणि दीर्घकाळ थंडी राहिली तर नवा केस उगविण्यास चालना देते. निरुपयोगी म्हणून ज्याची गणना होत असे, तो काटा अजून काही काम करीत आहे, असा त्याचा अर्थ.

पालीत या काट्याला ‘लोमहंस’ म्हणतात. वसतिगृहाच्या संध्याकाळच्या वंदनेत हा शब्द पहिल्यांदा कानी पडला तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर पांढराशुभ्र हंसच आला होता. पुढे पालीचे व्याकरण शिकताना कळले की हा हंस वेगळा. संस्कृतातील ‘हर्ष’ पालीत येताना ‘हंस’ होतो. लोमहर्ष तोच लोमहंस, केस ताठ होणे. आणि संस्कृतातील हंस पक्षीही पालीत हंसच राहतो. दोन निराळ्या वाटांनी आलेले दोन शब्द एकाच रूपात येऊन उभे राहिले. गंमत पुढेच आहे. इंग्रजीतील ‘गूज’ आणि जर्मनमधील ‘गान्स’ हे शब्द आपल्या हंसाचेच दूरचे भाऊबंद आहेत, आणि ‘हर्ष’ या शब्दाचे नाते लॅटिनमधील ज्या धातूशी आहे, त्याच धातूपासून इंग्रजीतील ‘हॉरर’ हा शब्द निघाला. म्हणजे युरोपातल्या माणसाने अंगावर उठलेला काटा पाहून हंसाच्या कुळाचे नाव घेतले, आणि पालीत तोच काटा सांगणाऱ्या शब्दात हंस योगायोगाने येऊन बसला. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, हे ठाऊक असूनही आम्हांस हा योगायोग फार आवडतो. हर्ष आणि भय एकाच मुळातून येतात, ही गोष्ट मात्र योगायोगाची नाही. केस दोन्ही वेळा उभे राहतात.

संयुत्त निकायातील धजग्ग सुत्तात भगवंतांनी भिक्खूंना सांगितले आहे की, अरण्यात, झाडाखाली, रिकाम्या कुटीत असताना भय वाटले, अंगावर काटा आला, तर बुद्ध, धम्म आणि संघ यांचे स्मरण करावे. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्त आम्हांस त्याहून जवळचे वाटे. बोधीपूर्वीच्या काळात सिद्धार्थ मुद्दाम रात्रीच्या वेळी अशा जागी जाऊन राहत, जेथे माणसाच्या अंगावर काटा यावा. एखादे हरीण येई, एखादा मोर वाळकी काटकी खाली पाडी, वारा पाचोळा हलवी. त्या आवाजाने भय आले की ते ज्या स्थितीत असत त्याच स्थितीत राहत. चालत असतील तर चालत, बसले असतील तर बसूनच, भय ओसरेपर्यंत. वसतिगृहातील पहिल्या वर्षी, घर सोडून आलेल्या अकरा वर्षांच्या मुलींना, मागच्या चिंचेवर पिंगळा ओरडला की झोप येत नसे. आमच्या गृहमाता कंदील घेऊन येत, भीती वाटू नये असे कधी म्हणत नसत. फक्त म्हणत, मोराने काटकी पाडली असेल. महापुरुषाच्याही अंगावर काटा येत होता, ही गोष्ट लहान मुलीला केवढा धीर देते, हे ज्यांनी घर लवकर सोडले त्यांनाच कळेल.

क्षणात उठून क्षणात मावळणाऱ्या काट्याची ही कथा झाली. काहींच्या दंडावर मात्र तो काटा कायमचा असतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूस, मांड्यांवर, कधी गालांवर बारीक खरखरीत पुरळ दिसते. हात फिरविला तर किसणीसारखे लागते. वैद्यकात त्याला केरॅटोसिस पिलॅरिस म्हणतात, आणि बोलीभाषेत जगभर कोंबडीची कातडी. केसाच्या छिद्राशी केराटिन नावाचे द्रव्य साचून तेथे बूच बसते, एवढेच त्याचे कारण. ते पुष्कळदा घराण्यात चालत येते, वयात येताना वाढते, हिवाळ्यात जास्त दिसते आणि वयाबरोबर बहुधा कमी होते. ते संसर्गजन्य नाही, अस्वच्छतेने होत नाही, घासून जात नाही. उलट घासले की अधिक लाल होते. अंघोळीनंतर ओलसर अंगावर तेल किंवा मलम लावावे, फार त्रास वाटला तर युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेले मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावे, याहून त्याला काही लागत नाही.

पण नाव औषधाने जात नाही. आमच्यातील एकीच्या दंडांवर ही कातडी होती. गावाकडच्या नातलगांनी तिला लहानपणापासून ‘कोंबडी’ म्हणून हाक मारली होती. त्यात दुष्टपणा नव्हता, लाडही होता. पण लग्नसमारंभात भर मांडवात ती हाक आली की ती ओढणी दंडांवर घट्ट ओढून घेई. शाळेत आली तेव्हा एप्रिलच्या उन्हातही ती लांब बाह्यांचे पोलके घाली. आमच्या खोलीत तिला तिच्या नावाने हाक मारीत, आणि काही महिन्यांनी तिने बाह्या दुमडल्या.

आम्ही आठवीत असताना शाळेत वार्षिक आरोग्य तपासणी झाली. तपासणीस आलेल्या डॉक्टरबाईंनी दोन मुलींना बाजूला बसविले. एक ही आमची मैत्रीण, दुसरी त्या वर्षी दुष्काळी भागातून नव्याने आलेली एक मुलगी. दुसरीच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर जाड, टोकदार पुरळ होते. घरी तिलाही कोणी तरी कोंबडीचीच कातडी म्हटले होते, आणि म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. डॉक्टरबाईंनी तिला विचारले, संध्याकाळी दिसते का? ती गप्प राहिली. उत्तर आमच्या खोलीने दिले. दिवेलागणीला ती पायरीला ठेचाळते, वंदनेला जाताना कोणाचा तरी हात धरते, हे आम्हांस ठाऊक होते. तिला अंधाराची भीती वाटते, असा आमचा समज होता.

त्या दिवशी आम्हांस कळले की कातडीवर पाखराशेजारी आणखी एक जीव बसलेला असतो. ज्याला इंग्रजीत फ्रिनोडर्मा म्हणतात, त्याचा अर्थ बेडकाची कातडी. ग्रीक भाषेत फ्रिने म्हणजे खरखरीत अंगाचा बेडूक. सिलोनमध्ये काम करणाऱ्या ल्यूशियस निकोल्स या डॉक्टरांनी १९३३ साली या नावाने त्याचे वर्णन केले आणि त्याचा संबंध आहारातील उणिवेशी जोडला. केवळ ‘अ’ जीवनसत्त्वच नव्हे, तर ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे आणि आवश्यक स्निग्धाम्ले यांची कमतरताही त्यामागे असते, असे पुढे दिसून आले. आणि ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की प्रथम जाते ती संधिप्रकाशातील दृष्टी. येथे पाखरू पुन्हा येते. आपण ज्याला रातांधळेपणा म्हणतो, त्याला रशियन भाषेत कोंबडीचे आंधळेपण म्हणतात आणि चिनी भाषेत चिमणीचे. सूर्य मावळला की कोंबड्या खुराड्याकडे वळतात, अंधारात त्यांना दिसत नाही, हे शेतकऱ्याने पाहिले होते. एकीची कोंबडी दंडावर होती, ती निरुपद्रवी होती. दुसरीची डोळ्यांत होती, आणि ती वेळीच ओळखली नसती तर पुढे बुबुळावर फूल पडून दृष्टी कायमची जाण्याचा धोका होता.

दुसरीला औषधाची मात्रा मिळाली आणि त्या हिवाळ्यात आमच्या भोजनगृहात शेवग्याच्या पाल्याची भाजी, तांदुळजा, पपई आणि आठवड्यातून दोनदा उकडलेले अंडे आले. भाजीवर तेलाची फोडणी सढळ हाताने पडू लागली, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. काही आठवड्यांत ती वंदनेला कोणाचा हात न धरता जाऊ लागली. कोपरांची कातडी मऊ व्हायला त्याहून जास्त काळ लागला. एकच नाव दोन निराळ्या दुखण्यांना चिकटले म्हणजे काय होते, हे आम्ही तेव्हा पाहिले.

डॉक्टरही पाखरांच्या उपमा वापरतात, पण त्या नीट पाहून. स्यूडोझँथोमा इलास्टिकम नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. त्यात मानेच्या बाजूंवर, काखेत पिवळसर बारीक पुरळ येते आणि कातडी सैल पडते. पाठ्यपुस्तके तिला पिसे उपटलेल्या कोंबडीची कातडी म्हणतात. कातडीतील लवचीक तंतूंवर चुना साचत जातो, आणि हेच डोळ्याच्या पडद्यामागे व रक्तवाहिन्यांतही घडत असते. मान पाहून ज्याला ही उपमा आठवली, तो डॉक्टर रुग्णाला डोळे तपासायला पाठवितो. तेथे कोंबडी या शब्दाने कोणाचा अपमान होत नाही, कोणाचे डोळे मात्र वाचतात.

आता कावळ्याकडे वळू. डोळ्यांच्या कडेला हसताना उमटणाऱ्या रेषांना इंग्रजीत कावळ्याचे पाय म्हणतात. चौसर या कवीने चौदाव्या शतकातच हा प्रयोग केला आहे. जपानी आणि थाई माणसांनाही तेथे कावळाच दिसला. फ्रेंच आणि रशियन माणसांना हंसाचे पाऊल दिसले, स्पॅनिश माणसाला कोंबड्याचे. मराठीत आपण नुसते सुरकुत्या म्हणतो. पण आपल्याकडे काकपद आहे, ते कातडीवर नसून हस्तलिखितात आहे. नक्कल करताना एखादे अक्षर सुटले, तर ते जेथे घालायचे तेथे लेखनिक कावळ्याच्या पायासारखी खूण करी आणि सुटलेले अक्षर समासात लिही. ज्या गृहमातांनी आम्हांस वाढविले, त्यांच्या डोळ्यांच्या कडेला आज अशी पुष्कळ काकपदे आहेत. आमच्या शिक्षणात जे सुटले ते भरून काढता काढता ती उमटली, असे आम्ही मानतो.

मराठीतला कावळा मात्र इतका निरुपद्रवी नाही. काळ्या वर्णाच्या मुलीला कावळ्याची उपमा कोणी दिली नाही, असे गाव आम्हांस माहीत नाही. आणि पाळी आलेल्या स्त्रीला ‘कावळा शिवला’ म्हणण्याची रीत आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. घरातील लहान मुलांना ती बाई बाजूला का बसली आहे, हे सांगण्यासाठी हा कावळा आणला गेला. ज्या समाजाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले गेले, ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या पाठोपाठ महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ घातली, त्या समाजाच्या घरांतही हा कावळा कित्येक वर्षे मुलींना शिवत राहिला. आमच्या वसतिगृहात त्याला प्रवेश नव्हता. पाळी आली तर पाळी आली असे म्हणायचे, माठातून आपल्या हाताने पाणी घ्यायचे, वंदनेला नेहमीच्या जागी बसायचे, हे पहिल्याच आठवड्यात सांगितले जाई. सुट्टीत घरी गेल्यावर आमच्यातील किती जणींनी हे आपापल्या आजीसमोर ठामपणे सांगितले, त्यावरून किती घरांत अबोला झाला आणि कालांतराने किती घरांत तो कावळा उडाला, याची नोंद कोणत्याही अहवालात नाही. आमच्या मते या शाळेचे ते मोठे काम आहे.

जातककथांत बावेरू जातक नावाची एक कथा आहे. बावेरू म्हणजे बाबिलोन, असे अभ्यासक मानतात. त्या देशात पाखरे नव्हती. भारतातील व्यापाऱ्यांनी जहाजातून एक कावळा नेला. तेथील लोकांनी त्याचा रंग पाहिला, चोच पाहिली, रत्नासारखे डोळे पाहिले आणि थक्क झाले; मोठी किंमत देऊन तो घेतला, सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवला. पुढच्या खेपेस व्यापारी मोर घेऊन आले आणि कावळ्याकडे कोणी पाहीना. कथेचा रोख निराळा आहे, पण वर्गात ती ऐकताना आम्हांस तिचा पहिला अर्धाच अधिक लक्षात राहिला. तोच रंग, तीच चोच. पाहणारे बदलले की कावळा सुंदर होतो.

श्रामणेराला दीक्षा देताना देहाच्या पाच भागांचे चिंतन शिकवितात. डोक्याचे केस, अंगावरचे केस, नखे, दात आणि त्वचा. त्याला तचपंचक म्हणतात. पुढे आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात या त्वचेचे वर्णन करताना भरपूर उपमा दिल्या आहेत. पायाच्या बोटांची कातडी रेशमाच्या किड्याच्या कोशासारखी, असे ते म्हणतात. उपमा तेथेही आहेत. परंतु त्या आपल्याच देहाकडे शांतपणे पाहण्यासाठी दिल्या आहेत, दुसऱ्याला हाक मारण्यासाठी नव्हेत. आमच्या मते सगळा फरक एवढाच आहे. उपमेने पाहावे, उपमेने पुकारू नये.

या स्मरणिकेचे वाचक बहुतांशी माजी विद्यार्थी आणि पालक आहेत. त्यांना आमची विनंती आहे. आपल्या मुलाच्या दंडावर बारीक काटा दिसला तर घाबरू नका, घासू नका आणि त्यावरून त्याला नाव ठेवू नका. तो काटा कोपरांवर आणि गुडघ्यांवर जाड होऊन आला असेल, किंवा मूल दिवेलागणीला ठेचाळत असेल, तर मात्र विलंब न करता दवाखान्यात न्या आणि ताटात पालेभाजी, अंडे, तेल आहे की नाही, ते पाहा. पायाला कुरूप झाले तर ते काढून घ्या; जर्मन आणि चिनी माणसे त्याला कोंबडीचा डोळा म्हणतात, डच माणूस मॅगपाय पक्ष्याचा डोळा म्हणतो. आपण त्याला जो शब्द वापरतो त्याचा दुसरा अर्थ घेऊन तो कोणाच्या चेहऱ्याला लावू नका.

आमची ती मैत्रीण आज परिचारिका आहे. ग्रामीण रुग्णालयात लसीकरणाच्या दिवशी ती अर्ध्या बाह्यांचा गणवेश घालते. रडणाऱ्या लहान मुलांना ती आपल्या दंडावर हात फिरवायला सांगते, म्हणजे त्यांचे लक्ष सुईवरून उडते. हे काय आहे, असे एखाद्या मुलाने विचारलेच, तर ती सांगते, पूर्वी येथे पिसे होती.